सोन्याची उत्पत्ति आणि ॲग्रिकोलाचा ‘रस’

जुने शास्त्रीय ग्रंथ वाचण्याच्या दोन रीति आपल्याकडे रूढ झालेल्या आहेत. पहिली अशी कीं, ग्रंथांतलें एखादें वाक्य आजच्या सिद्धांताशीं थोडेंबहुत जुळतांच ‘हें सारें त्यांना पूर्वींच ठाऊक होतें’ अशी द्वाही फिरवावयाची. दुसरी अशी कीं, त्याच ग्रंथांत चार पानांपुढें भुताखेतांचा उल्लेख आढळला म्हणजे सबंध ग्रंथ भाकडकथांत जमा करून मोकळें व्हावयाचें. पहिल्या रीतीनें ग्रंथकाराचा मान वाढतो असें वाटतें, दुसरीनें वाचकाचा. परंतु दोहोंतहि ग्रंथ वाचण्याचे श्रम टळतात, एवढाच काय तो खरा लाभ.

या दोन रीतींची परीक्षा पाहण्यास सोन्यारुप्याच्या उत्पत्तीइतका चांगला विषय क्वचितच मिळेल. सोनें माणसाच्या हातीं हजारों वर्षें आहे. परंतु तें खडकाच्या भेगेंत आलें कोठून, या प्रश्नाचें पारखलेलें उत्तर देण्याचीं साधनें गेल्या शंभर-दीडशें वर्षांतच हातीं आलीं. त्यापूर्वींचीं विचारी माणसें डोळे, हातोडी आणि तर्क एवढ्याच बळावर काय म्हणत होतीं, हें म्हणूनच पाहण्यासारखें आहे. त्या माणसांत अग्रगण्य म्हणजे सोळाव्या शतकांतील सॅक्सन वैद्य जॉर्जियस ॲग्रिकोला. त्याच्या ‘दे रे मेतालिका’ या लॅटिन ग्रंथाचा हर्बर्ट हूव्हर व त्यांच्या पत्नी लू हेन्री हूव्हर यांनीं केलेला इंग्रजी अनुवाद १९१२ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. तो टीपांसह पुन्हां एकदां वाचून काढण्याचा योग नुकताच आला. त्या वाचनांत जे विचार सुचले ते वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ॲग्रिकोलाचा जन्म १४९४ सालीं सॅक्सनींतील ग्लाउखाउ या गांवीं झाला. त्यानें आधीं भाषांचें व मागून वैद्यकाचें अध्ययन केलें, आणि १५२७ च्या सुमारास बोहेमियांतील योआखिम्सताल या खाणींच्या गांवीं तो वैद्य म्हणून राहिला. हें गांव त्या वेळीं रुप्यानें गजबजलेलें होतें. तेथल्या रुप्याच्या नाण्यांना ‘थालर’ म्हणत, आणि आजचा ‘डॉलर’ हा शब्द त्या थालराचाच वंशज आहे. रोग्यांना तपासून जो वेळ उरे तो हा वैद्य खाणींत, भट्ट्यांपाशीं आणि खाणकामगारांच्या संगतींत घालवी. पुढें तो केम्निट्स येथें स्थायिक झाला, त्या नगराचा अध्यक्ष झाला, आणि १५५५ सालीं वारला. ‘दे रे मेतालिका’ हा त्याचा बारा भागांचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर कांहीं महिन्यांनीं, १५५६ सालीं, बाझेल येथें छापून निघाला. खाण शोधावी कशी, खणावी कशी, पाणी उपसावें कसें, धातु गाळावा कसा, हें सारें त्यांत अडीचशेंहून अधिक काष्ठचित्रांसह सांगितलेलें आहे. धातूंच्या उत्पत्तीची मीमांसा मात्र त्यांत थोडी. ती मुख्यतः त्याच्या १५४६ सालच्या दुसऱ्या एका ग्रंथांत आहे. भूगर्भांतील पदार्थांची उत्पत्ति व त्यांचीं कारणें, असा त्या ग्रंथाच्या नांवाचा अर्थ. हूव्हर दांपत्यानें आपल्या टीपांतून त्यांतील महत्त्वाचे उतारे अनुवादून दिले आहेत, आणि आमच्या मतें प्रस्तुत अनुवादाचें अर्धें मोल त्या टीपांत आहे.

अनुवादाविषयीं प्रथम दोन शब्द. हर्बर्ट हूव्हर पुढें, १९२९ ते १९३३ पर्यंत, अमेरिकेचे अध्यक्ष होते. त्यामुळें हा ग्रंथ कित्येकांना केवळ कुतूहलाची वस्तु वाटतो. परंतु अनुवाद केला तेव्हां ते खाण-इंजिनियर होते व ऑस्ट्रेलियांतील सोन्याच्या खाणींवर त्यांनीं काम केलेलें होतें. लू हेन्री यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत भूगर्भशास्त्राचीच पदवी घेतलेली होती. अशा जोडीशिवाय हें काम तडीस जाणें कठीण होतें. ॲग्रिकोलापुढें जी अडचण होती ती मराठींत शास्त्रीय लेखन करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. खाणकामगारांचे शब्द जर्मन, ग्रंथाची भाषा लॅटिन. आणि ज्या वस्तु रोमन ग्रंथकारांनीं पाहिल्याच नव्हत्या त्यांना लॅटिनमध्यें नांव कोठून असणार? त्यानें शेंकडों शब्द नवे बनविले, कित्येक जुन्या शब्दांना नवे अर्थ दिले. केवळ लॅटिन जाणणाऱ्या पंडितांस पुढें ते उकलेनात. हूव्हर दांपत्यानें कोश बाजूस ठेवून क्रियेवरून शब्दाचा अर्थ लावला. या टप्प्यावर भट्टींत काय घातलें असेल, खालून काय निघालें असेल, हें कामाच्या अनुभवानें ठरवून मग त्यांनीं प्रतिशब्द योजिला. शास्त्रीय अनुवाद कसा करावा याचा हा उत्तम वस्तुपाठ आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. ॲग्रिकोलाच्या काळीं धातूंच्या उत्पत्तीविषयीं पंडितांत तीन मतें प्रचलित होतीं. ॲरिस्टॉटलचे अनुयायी म्हणत, पृथ्वींतून निघणारा वाष्परूप उच्छ्वास खडकांत कोंडला जाऊन त्याचा धातु होतो. किमयागार म्हणत, गंधक व पारा यांच्या संयोगानें सारे धातु उपजतात. ज्योतिषी म्हणत, सूर्यापासून सोनें, चंद्रापासून रुपें, याप्रमाणें प्रत्येक ग्रह आपापला धातु भूमींत घडवितो. सामान्य जनांचा समज तर याहूनहि सोपा होता: देवानें पृथ्वी निर्मिली त्याच दिवशीं तिच्या शिरांत धातु भरून ठेविले. ॲग्रिकोलानें यांपैकीं कोणतेंहि मत जसेंच्या तसें पत्करलें नाहीं. त्याचें प्रतिपादन थोडक्यांत असें. खडक आधींचा, त्यांतील भेगा मागाहूनच्या, आणि भेगांतील माल त्याहूनहि मागाहूनचा. भेगांतून भूमिगत पाणी वाहत असतें. त्यांतलें कांहीं पावसाचें व नद्यांचें मुरलेलें, कांहीं खोल उष्णतेनें वाफ होऊन वर चढलेलें. हें पाणी मातीशीं मिसळून शिजतें व त्याचा एक ‘सुक्कुस’, म्हणजे रस, होतो. आणि तो रस थंडीनें गोठून धातु बनतो.

या प्रतिपादनांतील पहिला भाग, म्हणजे आधीं खडक, मग भेग, मग धातु हा क्रम, आमच्या मतें त्याची खरी कमाई आहे. आज तो इतका साधा वाटतो कीं त्यांत सांगण्यासारखें काय, असें कोणी विचारील. परंतु हा क्रम ठरला कीं ‘धातु कसा झाला’ या प्रश्नाचें रूपच पालटतें. सृष्टीच्या आरंभींच सारें झालें असेल तर विचारावयाचें कांहीं उरत नाहीं. मागाहून झालें असेल तर भेग कशानें पडली, माल कोणत्या वाटेनें आला, कशानें थांबला, असे एकामागून एक प्रश्न विचारतां येतात, व त्यांचीं उत्तरें खाणींत उतरून शोधतां येतात. नदीच्या वाळूंतील सोन्यासंबंधींहि त्याचा विचार असाच स्वच्छ आहे. तें सोनें नदीच्या पात्रांतच उपजतें, असें मानणारे त्या काळीं होते. ॲग्रिकोला म्हणतो, तें डोंगरांतील शिरांपासून तुटून पाण्यानें वाहून आलेलें आहे. धातु शोधण्यासाठीं दुबेळक्याची काठी घेऊन हिंडणाऱ्यांनाहि त्यानें मानलें नाहीं. अनुभवी खाणवाल्यानें भूमीचीं चिन्हें पाहावीं, काठीची गरज नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे.

येथवर वाचल्यावर पहिल्या रीतीच्या वाचकास मोह अनावर होतो. भूमिगत पाणी, उष्णता, भेगा, आणि पाण्यांतून धातूचें गोठणें! आजच्या भूगर्भशास्त्रांत सोन्यारुप्याच्या बहुतेक शिरा उष्णोदकापासून झाल्या असें जें सांगतात, तें याहून निराळें काय आहे? अनुवादकांनींहि टीपांत भेगांचें मागाहूनपण व वाहत्या द्रवांतून धातूंचें सांठणें अशीं दोन्ही प्रमेयें प्रथम मांडल्याचें श्रेय ॲग्रिकोलाला दिलें आहे. पहिलें श्रेय आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. दुसऱ्यापाशीं मात्र थांबून विचार करावा असें आम्हांस वाटतें.

सारा घोटाळा ‘सुक्कुस’ या एका शब्दांत आहे. आम्ही वर त्याला ‘रस’ म्हटलें तें सोयीसाठीं; मराठी वाचकानें हा शब्द जपूनच घ्यावा, कारण आपल्या रसशास्त्रांत ‘रस’ म्हणजे पारा, आणि त्या अर्थाचा येथें गंधहि नाहीं. त्याचप्रमाणें ‘सुक्कुस’ वाचतांच आजचें ‘द्रावण’ डोळ्यांपुढें आणणें हेंहि चुकीचें आहे. ॲग्रिकोलाचा रस हा स्वतःच भावी धातु आहे. पाणी आणि माती यांचें योग्य प्रमाणांत मिश्रण होऊन तें शिजलें, आणि थंडीनें घट्ट झालें, कीं तेंच सोनें किंवा तेंच शिसें. उंसाच्या रसाचा गूळ व्हावा तसा हा प्रकार आहे. आजच्या उपपत्तींत पाणी सोनें होत नाहीं. तें दुसरीकडचें सोनें उचलून आणणारा केवळ हमाल आहे. ओझें टाकून तो पुढें निघून जातो. दोन्ही वर्णनांत पाणी आहे, उष्णता आहे, भेगा आहेत; पण एकांत धातूचा जन्म आहे व दुसऱ्यांत धातूची वाहतूक आहे. हा भेद लहान नाहीं.

पाणी खडकाच्या पोकळींत कसा माल आणून ठेवतें, हें पाहण्यास आपल्याला सॅक्सनीस जावयास नको. पुणें, नाशिक, जळगांव या बाजूच्या दगडांच्या खाणींत काळा पाषाण फोडतांना पोकळ्या निघतात, आणि त्यांच्या आंतून पांढऱ्या, हिरवट, गुलाबी स्फटिकांचे झुबके लागलेले दिसतात. लाव्हा थिजतांना वायूचे बुडबुडे अडकून या पोकळ्या राहिल्या. मागाहून कोमट-उष्ण पाणी खडकांतून झिरपत गेलें, त्यानें वाटेंत वाळूचें मूलद्रव्य, चुना इत्यादि विरघळवून घेतलें व पोकळींत आणून बसविलें. येथेंहि क्रम तोच: आधीं खडक, मग पोकळी, मग माल. परंतु या पाण्याबरोबर सोनें आलें नाहीं. कोंकणांत वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत उन्हाळीं आहेत. त्यांचें पाणी भूमींत खोल जाऊन तापून वर येतें, तरी त्यांच्या कांठीं कोणी सोन्याची खाण काढलेली नाहीं. अर्थात् उष्ण पाणी आणि भेग एवढ्यानें भागत नाहीं. आणखी कांहीं तरी लागतें, आणि तें काय, हें ॲग्रिकोलाच्या रसांत कोठेंच नाहीं.

तें ‘आणखी कांहीं’ असें आहे. साधारण खडकाच्या एका टनांत सोनें असतें तें अवघें एकदोन मिलिग्रॅम. खाण चालविणें परवडावें तर टनामागें कांहीं ग्रॅम पाहिजे, म्हणजे निसर्गानें तें हजारों पटींनीं एकवटलेलें पाहिजे. शुद्ध पाणी कितीहि तापविलें तरी हें काम त्याच्यानें होत नाहीं, कारण सोनें त्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. पाण्यांत गंधकयुक्त वायु विरलेला असला म्हणजे त्यांतील गंधक सोन्याच्या अणूशीं जोडला जातो व त्याला पाण्यांत धरून ठेवतो. अतिशय उष्ण व खारट पाण्यांत हेंच काम क्लोरिन करतो. ओझें उतरण्याचीं कारणेंहि आज बरींचशीं कळलेलीं आहेत. खोलांतून वर चढणाऱ्या पाण्यावरील दाब कमी झाला कीं तें उकळूं लागतें, गंधकाचा वायु वाफेबरोबर निसटतो, आणि आधार सुटलेलें सोनें तेथेंच पडतें. किंवा भेगेच्या भिंतींतील खडक लोहयुक्त असला तर गंधक लोखंडाशीं संयोग पावून पितळी चकाकीचें पायराइट हें खनिज बनतें, व सोनें त्याच्या सोबतीनें खडकांत बसतें. थंड होण्याचाहि यांत भाग आहे. पण रस थंडीनें घट्ट झाला एवढ्यानें या घटनेचा उलगडा होत नाहीं.

ही क्रिया आजहि चाललेली आहे. पापुआ न्यू गिनी देशांतील लिहिर बेटावर, एका ढासळलेल्या ज्वालामुखीच्या मुखांत, लाडोलाम नांवाची सोन्याची मोठी खाण आहे. तेथें खोलवर विंधलेल्या विहिरींतील खाऱ्या उष्ण पाण्याची परीक्षा करून सिमन्स व ब्राउन या शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं दाखविलें कीं, त्याच्या एका टनांत सुमारें १५ मिलिग्रॅम सोनें आहे. म्हणजे अगदीं थोडें. परंतु तें पाणी अखंड वर येत असल्यामुळें वर्षाला सुमारें २४ किलोग्रॅम सोनें त्याबरोबर येतें. आणि या वेगानें तेथला सबंध सांठा व्हावयास ५५,००० वर्षें पुरतात. हिशेब वाचकानें स्वतः करून पाहावा: तेराशें टनांच्या घरांत सोनें होतें. भूगर्भशास्त्राच्या कालगणनेंत ५५,००० वर्षें म्हणजे निमिषमात्र. ॲग्रिकोलाच्या हातीं असा तराजू नव्हता. त्यामुळें किती पाणी, किती काळ, किती सोनें, हा प्रश्न त्याला विचारतांच आला नाहीं.

ॲग्रिकोला व लिहिर यांच्या मध्यें साडेचारशें वर्षें आहेत, आणि तीं सरळ वाटेनें गेलेलीं नाहींत. फ्रायबेर्ग येथील खाण-विद्यालयाचा विख्यात अध्यापक व्हेर्नर यानें १७९१ सालीं असें प्रतिपादिलें कीं, भेगा वरून भरल्या. आदिसमुद्राच्या पाण्यांतील द्रव्यें त्यांत वरून खालीं उतरलीं. त्याचा समकालीन स्कॉटिश पंडित हटन याच्या मतें त्या खालून भरल्या, व पाण्यानें नव्हे तर वितळलेल्या द्रव्यानें. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत जर्मनींतील सँडबर्गर यानें भेगांच्या शेजारच्या खडकांतील अभ्रकादि खनिजांचें पृथक्करण करून त्यांत धातूंचे सूक्ष्म अंश दाखविले, आणि म्हटलें कीं, झिरपणारें पाणी शेजारच्या भिंतींतूनच धातु गोळा करून भेगेंत आणतें. यावर आक्षेप निघाला तो मोठा मार्मिक होता: भिंतींतून धातु भेगेंत गेला कीं भेगेंतून भिंतींत शिरला, हें कशावरून ठरविलें? १८९३ सालीं शिकागो येथें बोहेमियन खाणशास्त्रज्ञ पोशेप्नी यानें आपला प्रसिद्ध निबंध वाचून, वरच्या थरांत झिरपणारें पाणी व खोलांतून चढणारें पाणी असा भेद केला, आणि धातुशिरांचें जनकत्व दुसऱ्याकडे दिलें. १९१३ सालीं लिंडग्रेन यानें आपल्या ‘मिनरल डिपॉझिट्स’ या ग्रंथांत उष्णता व खोली यांवरून धातुसांठ्यांची व्यवस्था लावली. त्या ग्रंथाच्या १९३३ सालच्या आवृत्तींतील वर्गांचीं नांवें शास्त्रज्ञ आजहि वापरतात.

या वादांतले सारे प्रतिस्पर्धी विद्वान होते व साऱ्यांच्या पदरीं प्रत्यक्ष पुरावा होता. चूक झाली ती बहुतेकांची एकाच ठिकाणीं: ज्यानें जी खाण पाहिली तिलाच त्यानें सारी पृथ्वी मानलें. निकाल लागला तो कोणा एकाच्या बाजूनें नव्हे, आणि युक्तिवादानें तर नव्हेच. गारगोटीच्या स्फटिकांत कधीं कधीं द्रवाचा इतका लहान थेंब अडकलेला असतो कीं सूक्ष्मदर्शकाशिवाय तो दिसूं नये, आणि त्या थेंबांत एक बुडबुडा असतो. इंग्लंडांतील सॉर्बी यानें १८५८ सालीं दाखवून दिलें कीं, हा थेंब म्हणजे स्फटिक वाढत असतां त्याच्या अंगांत कोंडलेलें मूळचेंच पाणी आहे. स्फटिक तापवीत गेलें असतां ज्या उष्णतेला बुडबुडा नाहींसा होतो, तीवरून तो स्फटिक किती उष्णतेंत झाला याचें अनुमान करतां येतें. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाण्यांतील जड व हलक्या ऑक्सिजनचें आणि हायड्रोजनचें प्रमाण मोजतां येऊं लागलें. पावसाचें पाणी, समुद्राचें पाणी, शिलारसांतून सुटलेलें पाणी, यांचें हें प्रमाण निरनिराळें असल्यामुळें त्याची खूण स्फटिकांत राहते. साक्षीदार प्रथमपासून खडकांत बसून होता. त्याची भाषा मात्र कोणाला येत नव्हती.

त्या साक्षीनें निष्पन्न झालें तें असें कीं, पाण्याचें कुळ एक नाहीं. भूपृष्ठाजवळच्या पुष्कळशा सोन्यारुप्याच्या शिरांत बहुतेक पाणी पावसाचेंच होतें, आणि खालच्या शिलारसानें त्याला उष्णता व कांहीं ठिकाणीं धातु पुरविला. लिहिर येथील खोल पाणी शिलारसांतून आलेलें आहे. आणि फार प्राचीन, फार खोल शिरांची कथा तिसरीच. तिचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. म्हैसूर संस्थानांतील कोलार येथें १८८० पासून आधुनिक पद्धतीनें खाणकाम चाललें, तें २००१ सालीं बंद पडलें. तेवढ्या काळांत ८०० टनांहून अधिक सोनें निघालें आणि खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली. तेथील शिरा सुमारें अडीच अब्ज वर्षांपूर्वींच्या खडकांत आहेत. भूकवच चेपलें जाऊन खोलवरचे खडक तापले, त्यांचें रूपांतर होत असतां त्यांच्या खनिजांत बांधलेलें पाणी गंधकासह सुटलें, आणि तें सोनें घेऊन वर चढलें, असें आज बहुतेक शास्त्रज्ञ अशा शिरांविषयीं मानतात. भूकंपाच्या धक्क्यानें भेग उघडावयाची, दाब एकाएकीं उतरावयाचा, गारगोटी व सोनें बसून भेग बुजावयाची, आणि दाब पुन्हां सांठून पुढच्या धक्क्याची वाट पाहावयाची. ही परंपरा सिब्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं मांडली. अशा शिरांतील गारगोटीचे पापुद्र्यावर पापुद्रे हे त्या धक्क्यांचे ठसे होत.

येथें गंमत अशी कीं, आतां प्रत्येक जुन्या पंडिताच्या नांवानें जयजयकार करतां येईल. पाऊस मुरतो म्हणून ॲग्रिकोला खरा. धातु खडकांतूनच निघतो म्हणून सँडबर्गर खरा. पाणी खोलांतून चढतें म्हणून पोशेप्नी खरा. परंतु असा सर्वांनाच दिलेला विजय कोणाच्याच कामाचा नाहीं. सँडबर्गर म्हणत होता शेजारची भिंत. आजची उपपत्ति म्हणते कित्येक किलोमीटर खालचे खडक. शब्द जुळला म्हणून विधान जुळलें असें होत नाहीं.

आम्ही या मुद्द्यावर इतका भर देतों याला कारण आहे. एका वाचनमंडळांत हाच विषय निघाला असतां एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, “रसरत्नसमुच्चयांत सोन्याचे पांच प्रकार सांगितले आहेत, त्यांत एक अग्निसंभव आहे. अग्नि म्हणजे तुमचा शिलारसच कीं नाहीं?” मंडळी संतुष्ट झाली. त्या ग्रंथांतील तो प्रकार अग्नीच्या पौराणिक कथेशीं जोडलेला आहे, आणि शेजारीं पाऱ्याच्या वेधानें बनणाऱ्या सोन्याचाहि प्रकार आहे, हें कोणी पाहिलें नाहीं. दुःख याचें नाहीं कीं ग्रंथाला नसता मान दिला गेला; दुःख याचें कीं असता मान राहून गेला. कारण त्याच ग्रंथांत खनिजापासून जस्त ऊर्ध्वपातनानें काढण्याची कृति दिलेली आहे, आणि राजस्थानांतील झावर येथें जुन्या भट्ट्या व लांब नळीच्या मुशी उत्खननांत सांपडून त्या विद्येला प्रत्यक्ष दुजोरा मिळालेला आहे. युरोपांत हें काम मोठ्या प्रमाणावर अठराव्या शतकांत सुरू झालें. हाताचें काम व डोळ्यांची पाहणी जेथें आहे तेथें तो ग्रंथ बलवान् आहे. अग्निसंभव सोन्याची कुबडी त्याला नको.

ॲग्रिकोलालाहि हाच न्याय लागू आहे. भूमिगत उष्णतेचें कारण तो जमिनींत जळणारा कोळसा व डांबर हें सांगतो. तें चूक आहे. खाणींत भुतें असतात व तीं प्रार्थनेनें आणि उपवासानें घालवावीं लागतात, असेंहि तो लिहितो. दुसऱ्या रीतीचा वाचक येथें पुस्तक मिटतो. परंतु काठी नाकारणारा व भुतें मानणारा माणूस एकच आहे, आणि त्यांत आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. काठीचा पडताळा तो स्वतः घेऊं शकत होता. अंधाऱ्या बोगद्यांत विषारी वायूनें माणसें मरत, त्यांचा पडताळा घेण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें, म्हणून तेथें तो लोकांनीं सांगितलेलें टिपून ठेवी. जेथें पाहिलें तेथें तो खंबीर, जेथें ऐकलें तेथें तो दुबळा. आणि कोठें पाहिलें व कोठें ऐकलें हें त्याच्या लेखनावरून सावध वाचकास बहुधा ओळखतां येतें. ग्रंथकाराविषयीं याहून अधिक चांगलें आम्हांस कांहीं म्हणतां येत नाहीं.

हूव्हर दांपत्याच्या टीपांसंबंधीं आमची एकच तक्रार आहे. त्यांनीं ॲग्रिकोलाच्या चुका झांकलेल्या नाहींत, पूर्वींच्या व पुढच्या मतांचा इतिहासहि मोठ्या कष्टानें दिला आहे. तथापि त्यांच्या स्वतःच्या काळची उपपत्ति ही जणूं वाटेचा शेवट आहे, अशा समजुतीनें जुन्याचें माप घेतलें गेलें आहे. १९१२ नंतर ती उपपत्ति स्वतःच पुष्कळ पालटली. त्या मापानें ॲग्रिकोलाला दिलेले गुण आज पुन्हां मोजावे लागतात, आणि आम्ही येथें घेतलेलें माप उद्यां कोणी मोजील. म्हणून जुन्या शास्त्रीय ग्रंथाच्या संपादकानें तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या असें आम्हांस वाटतें: ग्रंथकारानें काय पाहिलें, त्यावरून काय अनुमानिलें, आणि आज आपण काय मानतों. पहिली गोष्ट क्वचितच जुनी होते. दुसरींत त्याच्या बुद्धीची खरी परीक्षा आहे. तिसरी आपली आहे. तिचें श्रेय किंवा खापर त्याच्या माथीं मारूं नये.

असे टीपांसह केलेले अनुवाद मराठींत अधिक व्हावे, आणि आपल्या रसग्रंथांच्या आवृत्त्याहि भट्टीपाशीं काम केलेल्या माणसांच्या साह्यानें निघाव्या, अशी आमची इच्छा आहे. तोंवर ज्यांना इंग्रजी वाचतां येतें त्यांनीं हा ग्रंथ अवश्य पाहावा. चित्रें तर घरांतल्या मुलांनाहि दाखविण्यासारखीं आहेत: पाणी उपसणारे रहाट, भाता ओढणारे गडी, आणि खांबाखांबानें शिडी उतरणारा खाणकामगार. भेगेंत काय आहे हें पाहण्यास ॲग्रिकोला त्याच्या मागोमाग उतरला, हें विसरतां उपयोगी नाहीं.